लावला आणि आवळला

आमच्या इमारतीमागच्या गल्लीत, बंद पडलेल्या छापखान्याला लागून एक गॅरेज आहे. मालक तोच आणि कारागीरही तोच. त्याचं खरं नाव पावतीवर छापलेलं असतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणतात. एक तर दुसरीकडे सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळते, ती याच्याकडे परवा मिळते. आणि दुसरं म्हणजे त्याची ती लकब. समोरच्याचा आवाज चढला, की हा आपला काळा तळहात जमिनीकडे करतो आणि हवा खाली दाबत म्हणतो, “सावकाश... सावकाश.” मी रंगभूमीवर पस्तीस वर्षं काढली. एका हाताने एवढं बोलणारा नट मला दोनदाच भेटला, आणि त्यातल्या एकालाही गाडी दुरुस्त करता येत नव्हती.

तो फक्त लहान गाड्या घेतो. चार माणसं आणि मागे दोन पिशव्या मावतील एवढ्या. मी एकदा विचारलं, “अरे, मोठ्यांना का हात लावत नाहीस?”

“मोठ्या गाडीवाल्याकडे घरी दुसरी गाडी असते, मावशी. लहान गाडीवाल्याला ही एकच. ती बंद पडली की घर बंद पडतं.”

माझीही एकच. लाल, नऊ वर्षांची, शेवटच्या दौऱ्यानंतर घेतलेली. तिचं आणि माझं दुखणं आलटूनपालटून निघतं, त्यामुळे त्या गॅरेजातल्या पंख्याखालचं स्टूल माझंच झालंय.

त्या स्टुलावर बसून मी सावकाशची पद्धत पाठ केली. त्याच्याकडे बोल्टचे तीन शब्द होते. बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर बसवला की तो स्वतःशीच पण मोठ्याने म्हणायचा, “लावला.” पान्याने पुरता घट्ट केला की, “आवळला.” आणि मग नेलपॉलिशची बाटली उघडून बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढायचा आणि म्हणायचा, “रंगवला.” पुढे बोल्ट केसभर जरी फिरला तरी ती रेघ तुटते आणि डोळ्याला लगेच दिसते.

नेलपॉलिश बायकोची. ती सुट्या भागांचं कपाट सांभाळते, गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि नवऱ्याला टोमणे मारते. मला म्हणाली होती, “लग्नाआधी मला वाटायचं, याचं लक्ष माझ्या बोटांवर असतं. नंतर कळलं, बाटलीवर होतं.”

तीन आठवड्यांपूर्वी तिचा भाऊ तिथे कामाला लागला. चाळिशीचा गडी, हात चांगला, आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. ते बंद पडलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “दाजी, तिथे आम्ही दिवसाला वीस गाड्या खोलायचो.”

“खोलायचात,” सावकाश म्हणाला. “बसवायचं कोण?”

तीन शब्दही त्याच दिवशी समजावून सांगितले. मेहुणा हसला होता. “शाळाच आहे ही, दाजी.”

ही गोष्ट घडली त्या दुपारी मी स्टुलावर होते, कारण माझ्या गाडीची क्लचप्लेट यायची होती. जुनी झिजली होती. पाय दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी ऐकायची नाही. नवखा नट असतो ना, सगळा जोर घशात आणि शेवटच्या रांगेत काहीच पोचत नाही, तशी गत. एक गाडी गिअरबॉक्स काढून उंचावर ठेवलेली. सावकाशची स्वतःची स्कूटर महिनाभर सुटी होऊन टेबलावर पडलेली. चांभाराच्या पायात चप्पल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

मधोमध जॅकवर होती सिस्टरची चंदेरी गाडी. सिस्टर म्हणजे दवाखान्यात काम करणारी, आठ वर्षांपासूनची गिऱ्हाईक. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे होते. चाकामागे लोखंडाची एक चकती असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थांबवणारा जो मोठा चिमटा, तो दोन बोल्टांवर बसतो. उजवीकडचे दोन्ही बोल्ट लावले, आवळले आणि रंगवले. रंगवताना बाटली संपली. त्याने बायकोला हाक मारली, तिने नवी बाटली आणून पेटीवर ठेवली. तो डावीकडे गेला. वरचा बोल्ट आवळला. खालचा बोटांनी फिरवत होता, तेवढ्यात सिस्टर आली. ठरल्यापेक्षा पाऊण तास आधी.

“झाली का हो? आईला घेऊन डोंगरापलीकडे भावाकडे जायचंय. उजेडात उतरायचंय घाट.”

सावकाशने तिच्या पायांकडे पाहिलं. उंच टाचांच्या चपला. तो उठलाच.

“सिस्टर, या चपलांनी ब्रेक दाबणार तुम्ही?”

“बदलते हो. मागे बूट आहेत.”

“आणि फोन? मागच्या वेळी मांडीवर होता.”

“पिशवीत टाकते. आवाज बंद करून. तुम्ही म्हणाल तर डिकीत टाकते.”

“चढाच्या आधी पंपावर हवा बघायची. चारी चाकं.”

“दर वेळी बघते! माझ्या सासूने एवढं कधी ऐकवलं नाही.”

मागून मेहुण्याने विचारलं, “दाजी, डावीकडचा खालचा?”

सावकाशने मान न वळवता सांगितलं, “लावला.”

मेहुण्याने चाक चढवलं, चाकाचे नट घट्ट केले, जॅक उतरवला. सिस्टरने पैसे दिले, बूट घातले, फोन आमच्या सगळ्यांच्या देखत पिशवीत टाकला आणि गेली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

पंचवीस मिनिटांनी सावकाशच्या बायकोने पेटीवरून बाटली उचलली.

“अहो, ही तर उघडलीच नाही. सील तसंच आहे. मग सिस्टरच्या डाव्या चाकाला काय लावलंत, कुंकू?”

ती हसत होती. तो हसला नाही. त्याने बाटली घेतली, झाकणावरचं सील अंगठ्याने चाचपलं आणि माझ्याकडे वळला.

“मावशी, तुमची पाठांतराची सवय. डाव्या चाकापाशी मी काय म्हणालो? जसं म्हणालो तसं सांगा.”

दुसऱ्यांची वाक्यं लक्षात ठेवणं हाच माझा धंदा होता. मला आठवायला क्षणही लागला नाही.

“वरच्याला ‘लावला’, मग ‘आवळला’. खालच्याला ‘लावला’. मग सिस्टर आली. मग याने विचारलं, तेव्हा पुन्हा ‘लावला’.”

“आणि नंतर?”

“नंतर काही नाही.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. “दाजी, तुम्ही लावला म्हणालात. आमच्याकडे लावला म्हणजे... लावला. झालं. मी चाक चढवलं.”

बायकोने केव्हाच फोन लावला होता. वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

“गावात ब्रेक हळू लागतात,” सावकाश म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता, मनाशी हिशेब मांडत होता. “चढावर तर लागतच नाहीत. तेवढ्यात बोल्ट हळूहळू फिरून बाहेर येणार. उतारावर दाबला की चिमटा उचकटून चाकात अडकणार. चढ संपायच्या आत गाठायला हवं.”

तो कोपऱ्यातून हातजॅक, पुरेसं आवळलं की टक्कन वाजणारा टॉर्क पाना आणि चाकाचा पाना घेऊन आला आणि माझ्या गाडीपाशी थांबला. दुसरी गाडीच नव्हती.

“चावी तिच्यातच आहे,” मी म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसले. सिस्टर घाबरली तर बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, असं मी त्याला सांगितलं. खरं कारण एवढंच, की त्या स्टुलावर मला आता बसवलं नसतं.

“तू फोन लावत राहा,” त्याने बायकोला सांगितलं.

“लावतेय. आणि तुम्ही...” ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नसावा. “या.”

गावाबाहेर पडेपर्यंत माझा पाय रिकाम्या जागी ॲक्सिलरेटर दाबत होता. सावकाश मात्र गाडी अशी चालवत होता, जणू मागे काचेची भांडी ठेवली आहेत.

“अरे, जोरात घे ना!”

“जोरात घेतली तर इथेच राहू, मावशी. झिजलेल्या क्लचला पेलेल तेवढंच मागायचं. जास्त मागितलं की तो घसरतो.”

“ती पुढे चाललीय!”

“आधी आईला घेणार ती. तिची आई घरातून निघताना तीन वेळा कुलूप ओढून बघते. तिनेच सांगितलंय. मग हवा.”

“आज नाही बघितली हवा तर?”

त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्याने हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

डोंगराच्या पायथ्याला पेट्रोलपंप. सावकाशने काच खाली केली. हवा भरणारा माणूस नळी गुंडाळत होता.

“चंदेरी लहान गाडी? मागे म्हाताऱ्या बाई?”

“होत्या की. रांगेत दहा मिनिटं थांबल्या. त्या आजींनी मला विचारलं, हवा ताजी आहे ना?”

“गेल्या कधी?”

“आत्ताच. दोन मिनिटंही झाली नसतील.”

चढ सुरू झाला. वर, अगदी माथ्यावर, सिमेंटची पाण्याची टाकी आहे. ती खालूनच दिसते. टाकीपर्यंत चढ, टाकीच्या पलीकडे उतार. तिकडे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कठडा, आणि कठड्याखाली काहीच नाही. मी दर वळणावर टाकीकडे पाहत होते आणि ती दर वळणावर मोठी होत होती.

गाडीत जळका वास भरला. सावकाशने दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज जरा चढला की पाय अलगद सोडायचा, उतरला की पुन्हा अलगद द्यायचा.

पाचव्या वळणावर ती दिसली. आमच्या वर दोन वळणं, चंदेरी, कडेकडेने शिस्तीत चाललेली. वळण आलं आणि तिचा मागचा लाल दिवा क्षणभर लागला.

“ब्रेक दाबला तिने,” मी म्हणाले.

“दिसलं.”

दिवा विझला. गाडी पुढे गेली. त्याने रोखलेला श्वास सोडला. मग मीही सोडला.

पुढच्या वळणावर आम्ही आणखी जवळ आलो. मागच्या काचेतून आजींचा पांढरा अंबाडा दिसू लागला. मला राहवेना. मी वाकून हॉर्नवर हात मारला. पुढे लाल दिवा भक्कन लागला आणि लागलेलाच राहिला.

सावकाशने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

“हॉर्न नको! हॉर्न वाजला की माणूस ब्रेक दाबतो.”

मी हात मांडीवर ठेवले. दिवा विझला. सिस्टरने खिडकीतून हात काढून आम्हाला पुढे जायची खूण केली. बिचारी वाट देत होती. पण आमच्यात पुढे जायचं बळ कुठे होतं! ती ज्या वेगाने चढत होती, त्याच वेगाने आम्ही तिच्या मागे ओढले जात होतो, आणि टाकीवरच्या शिडीच्या पायऱ्या आता मोजता येत होत्या.

“टाकीच्या अलीकडे रस्ता रुंद आहे,” सावकाश म्हणाला. “टँकर वळवतात तिथे. तेवढी एकच जागा.” मग जरा थांबून, “मावशी, माफ करा. तुमची प्लेट आता जाणार.”

“जाऊ दे. तशीही तू आज फेकूनच देणार होतास.”

रस्ता रुंद झाला आणि त्या माणसाने, ज्याला मी दहा वर्षांत कधी घाईत पाहिलं नव्हतं, पाय खालपर्यंत दाबला. माझी गाडी किंचाळली. धूर आत आला. आधी काही झालं नाही. मग गाडी एकदा आचका देऊन पुढे सरकली, चंदेरी गाडीच्या मागच्या दाराशी आली, पुढच्या दाराशी आली. मी काचेतून सिस्टरकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शहाण्या चालकासारखी ती समोर बघत होती.

आम्ही पुढे झालो. टाकी पन्नास पावलांवर. आता मला वाटलं, हा कचकन थांबवणार. आपण असतो तर थांबवलीच असती. पण आमचा दिवा लागला असता तर मागे तिनेही ब्रेक दाबला असता, जिवाच्या आकांताने. सावकाशने पाय नुसता उचलला. ब्रेकला स्पर्शसुद्धा नाही. चढ गाडीला आपणहून मागे ओढू लागला. आणि मग त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, तळहात जमिनीकडे केला आणि हवा खाली दाबली. एकदा. परत एकदा.

मी मागे वळून पाहत होते. सिस्टरच्या कपाळावरची आठी मला दिसली. मग तिचे डोळे त्या हातावर आले. आठ वर्षं तिने तो हात पाहिला होता.

चंदेरी गाडी मंदावली. आम्ही माणसाच्या चालीने, मग मुंगीच्या चालीने, मग थांबलो. तीही थांबली. हँडब्रेकची करकर मला ऐकू आली. टाकी बारा पावलांवर होती. नंतर मी ती पावलं मोजली.

“तुम्ही? इथे?” सिस्टर उतरली. “काय झालं? मला वाटलं कोण टवाळ मागे लागलंय!”

“फोन केला,” सावकाश म्हणाला. त्याला धाप लागली होती, धावला नसतानाही. “खूप वेळा केला.”

मागच्या दाराच्या खिडकीतून आजींनी डोकं बाहेर काढलं. “मी हिला सांगत होते, पिशवीत काहीतरी थरथरतंय. ही म्हणते, गाडीत फोन घेतला तर मेस्त्री रागावतात.”

सावकाशने डोळे मिटले. मग उघडले आणि सरळ सिस्टरकडे पाहून म्हणाला, “तुमचा डावा पुढचा ब्रेक. खालचा बोल्ट मी बोटांनी लावला आणि उठलो. आवळला नाही. तसाच गाडीबरोबर पाठवला.”

मेहुण्याचं नाव त्याने घेतलं नाही. वाटेत मी तसं सुचवलं होतं. तेव्हा त्याने एवढंच म्हटलं होतं, “शब्द माझा होता.”

सिस्टरने आईला हाताला धरून उतरवलं आणि कठड्याशी उभं केलं. सावकाशने चाकांमागे दगड लावले, जॅक चढवला, चाक काढलं. मी वाकून पाहिलं. बोल्ट अर्ध्याहून अधिक बाहेर आला होता आणि वाकडा लोंबत होता. त्याने बोट टेकवून फिरवला. दोन वेढे, आणि तो त्याच्या तळहातावर आला.

सिस्टरने तो पाहिला. तिचा चेहरा पांढरा पडला. “आई होती गाडीत,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“हो.”

“आठ वर्षं मी दुसरीकडे गाडी नेली नाही.”

“हो, सिस्टर.”

एवढंच. सारवासारव नाही, हात जोडणं नाही. तो खाली बसला, बोल्ट आणि भोक दोन्ही पुसून उजेडात पाहिली, बोल्ट बोटांनी बसवला आणि म्हणाला, “लावला.” टॉर्क पाना घेतला. पाना टक्कन वाजला. “आवळला.” मग वरचा तपासला. मग उठून उजवं चाकही काढलं आणि सिस्टरला बोलावून तिथली अखंड रेघ दाखवली. मग डावीकडे परत आला आणि खिसे चाचपू लागला. नवी बाटली गॅरेजातच राहिली होती.

मी पर्समधून लिपस्टिक काढून दिली. पडदा पडून नऊ वर्षं झाली, तरी ती जवळ असतेच. त्याने त्या लिपस्टिकने दोन्ही बोल्टांवर रेघ ओढली.

“आता जा म्हणता?” सिस्टर म्हणाली. “मला नाही जमणार. त्या ब्रेकवर पाय ठेवायला मी नाही धजणार.” तिने चावी त्याच्यासमोर धरली.

“तुम्ही नाही,” तो म्हणाला. “पहिला उतार मी उतरून येतो. एकटा.”

तो गाडीत बसला. टाकी ओलांडून गाडी पलीकडे दिसेनाशी झाली. माझी लाल गाडी धुरकट वास सोडत जागेवरच मेली होती. आम्ही तिघी कठड्याशी गेलो. खाली रस्ता वळणावळणाने उतरत होता, आणि काही वेळाने त्यावर चंदेरी ठिपका आला. उताराला लागून त्याने वेग घेतला. सिस्टरने माझा दंड पकडला. लाल दिवा लागला. गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा वेग, पुन्हा दिवा, पुन्हा थांबली. वळणाआधी, वळणावर, वळणानंतर. मघा जो दिवा लागू नये असं मला वाटत होतं, तोच आता लागावा म्हणून मी डोळे फाडून बघत होते. सात वेळा लागला. मग गाडी शेवटच्या दिसणाऱ्या वळणाआड गेली.

बराच वेळ काही आलं नाही. वाऱ्याने टाकीची शिडी वाजत होती. सिस्टर माझा दंड सोडेना.

मग चढावर इंजिनाचा आवाज आला. संथ, एकसारखा.

“आला वाटतं,” आजी म्हणाल्या. “पण किती वेळ लावला याने!”

सिस्टरने डोळे पुसले. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा हसली.

“आई, ‘लावला’ म्हणू नकोस,” ती म्हणाली, आणि गाडीची चावी घ्यायला रस्त्यावर पुढे झाली.